साखळीचे दुसरे टोक

संगणक हा माणसाचा नोकर आहे असे जे म्हणतात, त्यांनी आयुष्यात एक तर नोकर ठेवलेला नसावा किंवा संगणक तरी. नोकराला दिवाळीचे बक्षीस लागते, मुलीच्या लग्नाला उचल लागते, आणि फार बोलले तर तो कामाला रामराम ठोकून निघून जातो. संगणक निघून जात नाही. तो घरात राहतो, खातो, मधूनच आजारी पडतो, नको त्या वेळी आवाज करतो, आणि आल्यागेल्याला त्याच्या जातीचे नि अकलेचे कौतुक ऐकवावे लागते. याला नोकर म्हणत नाहीत. याला कुत्रा म्हणतात.

वाचकांनी दचकू नये. मी हा शब्द शिवी म्हणून वापरलेला नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार वेद चार कुत्रे होऊन बसले, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावला, आणि धर्मराजाने तर कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकायचे साफ नाकारले. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता, त्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. तेव्हा कुत्र्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण साखळीविषयी आहे. साखळीचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते हे सगळ्यांना दिसते. दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

आधी थोडा खुलासा करतो, कारण हा अंक आजीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात. संगणकाचे यंत्र म्हणजे घर. त्यात निरनिराळ्या कामांसाठी येणारे प्रोग्रॅम म्हणजे गडीमाणसे, गवळी, वाणी, शिकवणीचे मास्तर. आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून जी चीज असते, ती म्हणजे दाराशी बसलेला राखणदार. कोणाला आत घ्यायचे, कोणाला उंबऱ्यावर अडवायचे, कागदपत्र कोणत्या कपाटात ठेवायचे, छपाईयंत्राला केव्हा हाक मारायची, हे सगळे तो पाहतो. तुम्ही कळ दाबता ती आधी त्याला कळते, मग यंत्राला. तो झोपला की घर झोपले. पुण्यात या राखणदारांच्या तीन जाती मुख्यतः पाळल्या जातात: विंडोज, मॅक आणि लिनक्स. अर्धा किलो चक्का घेताना आंबट तर नाही ना म्हणून दोनदा चाखून पाहणारा पुणेकर, पन्नास हजारांचे यंत्र घेताना मात्र आत कोणता कुत्रा बसवला आहे हे विचारीत नाही. दुकानदार देईल तो घेतो. पुणेकराचे हे एवढे सौजन्य दुसऱ्या कोणत्याही दुकानदाराच्या वाट्याला आलेले नाही!

विंडोजपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरी तोच आहे. विंडोज हा लॅब्रेडोर. थोराड अंगाचा, सर्वांशी गोड, पोरांना अंगावर खेळू देणारा. आपल्याकडे तो का आला, तर शेजारी होता म्हणून. शेजारी का होता, तर आपल्याकडे येणार होता म्हणून. त्याच्या आजोबांची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेत सिॲटल येथे टिम पॅटरसन नावाच्या तरुणाने १९८० साली एक प्रणाली लिहिली. तिचे घरगुती नाव क्यूडॉस, आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘घाईघाईने केलेली ओबडधोबड’ असा. मायक्रोसॉफ्टने ते पिल्लू विकत घेतले, आंघोळ घातली, विंचरले, आणि १९८१ साली आयबीएमच्या बंगल्यावर नेऊन बसवले. मात्र बसवले, विकले नाही. मालकी आपल्याकडेच ठेवली, म्हणून तेच पिल्लू पुढे इतरांच्या बंगल्यांवरही बसवता आले. साखळीचे दुसरे टोक सोडायचे नाही, ही त्या घराण्याची पहिल्या दिवसापासूनची रीत.

त्याचा आहार पाहा. १९९५ सालचे विंडोज चार मेगाबाइट स्मृतीत कसेबसे का होईना पोट भरी. आजच्या अकराव्या विंडोजला कमीत कमी चार गिगाबाइट लागतात, म्हणजे हजारपटीहून जास्त. आणि तेवढ्यावर ते उपाशीच दिसते. तीस वर्षांत त्याचे काम हजारपट वाढले काय? सदाशिव पेठेतला हिशेबनीस तेव्हाही हिशेबच लिहीत होता आणि आजही हिशेबच लिहितो.

दुसरा दोष चोराच्याही हातचे खाण्याचा. त्यामुळे विषाणू आणि त्यांवरची औषधे हा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. त्यातली क्विक हील ही मोठी कंपनी तर आपल्या पुण्यातच वाढली. २००७ साली व्हिस्टा नावाची पिढी बाजारात आली तिने यावर फारच विनोदी उपाय काढला. चोर ओळखता येत नाही ना, मग सगळ्यांवरच भुंकायचे. मालक स्वतःच्या घरात खुर्ची सरकवू लागला तरी हा उभा राहून विचारी, “हे तुम्हीच करता आहात ना? खरोखरच करायचे आहे ना?” दहा वेळा विचारल्यावर मालक न वाचताच ‘होय’ म्हणू लागला. अकराव्या वेळी चोर आला, तेव्हाही तो ‘होय’च म्हणाला.

आणि ज्यांना माझी ही उपमा ओढूनताणून आणलेली वाटत असेल त्यांनी २००१ सालचे विंडोज एक्सपी आठवावे. त्यात साक्षात कुत्राच होता. फाईल शोधायला सांगितली की पडद्याच्या डाव्या बाजूला खाली एक पिवळा कुत्रा येऊन बसे. त्याचे नाव रोव्हर. तुम्ही विजेचे बिल शोधत असा, नाही तर मुलीची पत्रिका. हा आपला समाधानाने बसलेला असे. बिल सापडो न सापडो, त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तसूभर कमी होत नसे. कारखानदाराने आपल्या मालाचे इतके प्रामाणिक चित्र मालावरच छापल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मॅक हा प्रभात रस्त्यावरचा कुत्रा. अलीकडे कोरेगाव पार्कातही पुष्कळ दिसतो. त्याच्या वंशावळीचे कागद असतात. अंगाने सडपातळ, कांती रुपेरी, भुंकणे जवळजवळ नाही. खरे सांगायचे तर काम चोख करतो, आणि त्याला नावे ठेवणारे बहुधा त्याची किंमत ऐकून आलेले असतात. पण त्याच्या तोंडी घरचे अन्न लागत नाही. त्याचा पट्टा त्याच दुकानचा, वाटी त्याच दुकानची, दुखलेखुपले तर वैद्यही त्याच दुकानचा. आणि स्मृती थोडी वाढवावी म्हटले तर, आजच्या बहुतेक मॅकांत ती जन्मतः अंगात पक्की बसवलेली असल्यामुळे, नवा कुत्राच आणावा लागतो. मालकही मग तसाच होतो. तुम्ही आपल्या यंत्राची काही तक्रार सांगू लागलात की तो काही बोलत नाही, नुसता मंद हसतो. त्या हसण्यासाठी त्याने किती रुपये मोजले आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी ते हसणे मनावर घेत नाही.

गंमत पुढेच आहे. या खानदानी कुत्र्याचे रक्त तपासले तर काय निघते? स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडल्यावर त्यांनी नेक्स्ट नावाची कंपनी काढली. तिची प्रणाली युनिक्सच्या वंशातली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलेल्या शाखेची. १९९६ च्या अखेरीस ॲपलने ती कंपनीच घेण्याचे जाहीर केले, आणि २००१ साली तेच रक्त मॅकच्या अंगात खेळू लागले. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात पोरांच्या डब्यातले खाऊन वाढलेले हे पोर. पुढे श्रीमंताघरी दत्तक गेले इतकेच.

तिसरा लिनक्स, तो गावठी. गावठी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, आणि ज्यांना तो कमीपणाचा वाटतो त्यांनी एकदा गावठी कुत्र्याकडे नीट पाहावे. त्याला पाऊस बाधत नाही, शिळी भाकरी बाधत नाही, आणि त्याचे आयुष्य पशुवैद्याच्या दवाखान्यात जात नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची लाट आली होती. बिचाऱ्यांना धड श्वास घेता येत नाही, तरी हौशी लोकांनी घरोघर आणले. गावठीची लाट कधी येत नाही, कारण तो मुळी गेलेलाच नसतो.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टॉर्वाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला, आणि तो साऱ्या जगाला वाटून टाकला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत जीएनयूची घोषणा करून ठेवलीच होती, की प्रणाली वापरणाराला ती उघडून पाहता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे आणि शेजाऱ्याला देता आली पाहिजे. दोघांचा संसार जुळला. आज त्याची पिलावळ अफाट आहे: डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट. कोणी काळा, कोणी करडा, कोणाचे कान उभे, कोणाचे पडलेले. एकाचे नाव तर ‘यलो डॉग’ म्हणजे पिवळा कुत्रा असेच होते, आणि दुसऱ्याचे ‘पपी’. ही पपी ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली आपल्या एका चिमुकल्या कुत्र्याच्या नावावरून ठेवली. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमला कुत्रा म्हणणारा मी पहिला नव्हे.

त्याचे दोषही सांगतो. गावठी कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो, तसा लिनक्स अनोळखी छपाईयंत्रावर भुंकतो. काही यंत्रांशी त्याचे जन्माचे वाकडे असते. आणि त्याच्यापेक्षा त्याचे भक्त जास्त चावतात. त्यांना एक साधा प्रश्न विचारावा, तर उत्तराऐवजी ‘आधी वाचून या’ असा उपदेश मिळतो. आणि वाचून गेलात, तर तुम्ही चुकीच्या जातीचा लिनक्स पाळला आहे असे सांगण्यात येते. पुण्यात आधीच ज्ञानी माणसांचा तुटवडा नाही, त्यात ही भर.

पण हे सगळे रंगरूपाचे आणि खोडीचे झाले. खोडी कोणत्या कुत्र्याला नसतात? खरी परीक्षा निराळी आहे. कुत्रा कोणाचा, तर ज्याची हाक तो ऐकतो त्याचा. जुन्या तबकड्यांवरचे चित्र आठवा. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने रंगवलेला निपर नावाचा कुत्रा ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान कलती करून बसला आहे, आणि खाली लिहिले आहे, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’. आजच्या घराचे चित्र काढायचे झाले तर मी कुत्रा तसाच ठेवीन, कर्णाही तसाच ठेवीन. फक्त कर्ण्यातून येणारा आवाज घरमालकाचा नसेल. तो रेडमंडहून, नाही तर क्युपर्टिनोहून येत असेल. घरमालक बिचारा बाजूला वाटीत बिस्किटे घेऊन उभा!

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर तारीख सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळीच्या तोंडावर मायक्रोसॉफ्टने दहाव्या विंडोजची देखभाल थांबवली. कुत्रा धडधाकट. दात शाबूत, धावण्यात कसर नाही, घरच्यांना ओळखतो. पण कारखान्याचा हुकूम आला की आता याला लस टोचली जाणार नाही. ज्यांनी धावाधाव केली त्यांच्यासाठी आणखी एक वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, म्हणजे सुतक लांबले. मग अकराव्या विंडोजला घरी आणावे, तर तो म्हणतो तुमचे घर मला चालत नाही. टीपीएम नावाची एक विशिष्ट सुरक्षा-सोय हवी आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा हवा. २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रे नापास. राखणदार बदलायचा म्हणून घर पाडा असे सांगणारा कारखानदार, आणि ते ऐकून खरोखरच भिंतींवर पहार घालणारे आपण!

आणि कायद्याने बोलायला जावे तर तिथेही तोंड बंद. सुरुवातीला ‘मला मान्य आहे’ म्हणून आपण जे बटण दाबतो, त्या करारनाम्यात स्वच्छ लिहिलेले असते की हा माल तुम्हाला विकलेला नाही, वापरण्याचा परवाना तेवढा दिला आहे. घरात पाच वर्षे वाढवलेला कुत्रा आपला नव्हताच, सांभाळायला दिला होता. मॅकचा न्याय निराळा नाही. काही वर्षे झाली की जुन्या मॅकलाही नवी प्रणाली मिळेनाशी होते, फक्त निरोपाचा कागद अधिक गुळगुळीत असतो. लिनक्सच्या बाबतीत असा निरोप धाडणारा कोणी एक मालकच नाही. एका मंडळाने एखादी आवृत्ती सोडली, तर दुसरे कोणी ती उचलू शकते, आणि कायदा त्याच्या आड येत नाही.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो. तो भाषेचा आहे, आणि ज्या अंकात हे छापले जात आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांतून संगणक आले, तेव्हा त्या यंत्रांतल्या राखणदाराला मराठी येत नव्हते. पुण्यातल्या सी-डॅकने जिस्ट नावाची तजवीज केली होती, भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाणही १९९१ साली ठरले होते. पण छपाईच्या धंद्यात जी वहिवाट पडली ती निराळी. श्री-लिपी, आकृती असे मराठी फॉन्ट निघाले. त्यांत युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढून बसवायचे. यंत्र समजे की आपण इंग्रजीतले काहीतरी बरळणे साठवतो आहोत. पडद्यावर मात्र ज्ञानेश्वरी दिसे. मनात इंग्रजी आणि तोंडावर मराठी, अशी ही व्यवस्था होती. पुण्यात अशी माणसेही पुष्कळ आहेत, पण माणसांचे एक वेळ चालते.

लिखाणाचे चालत नाही. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. एकाने ‘क’ जिथे बसवला तिथे दुसऱ्याने ‘ष’ची शेंडी बसवलेली. त्यामुळे एका यंत्रावरचे लेखन दुसऱ्या यंत्रावर उघडले की अर्धविराम, डॉलरची चिन्हे आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरे यांचा खिमा समोर येई. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध लेखकांनी त्या काळात दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या कथा एका चकतीवर जपून ठेवल्या होत्या. छापील अंक वाळवीने खाल्ले. चकती उघडली, तर एकही वाक्य वाचता येईना. जो फॉन्ट वापरला होता त्याचे नाव त्यांना आठवत नव्हते, आणि ते टंकून देणारा मुलगा कुठे गेला कोणास ठाऊक. कोणता तरी अक्षरबदलाचा प्रोग्रॅम घालून चार-दोन कथा वाचवता आल्या, त्याही जोडाक्षरांचे हातपाय मोडलेल्या. बाकीच्या कथा त्या चकतीवर आहेत. पुरलेल्या हाडासारख्या आहेत, पण कोणाला सापडत नाहीत.

कोणी म्हणेल, यात कुत्र्याचा काय दोष? दोष फॉन्टवाल्यांचा. मी म्हणतो, फॉन्टवाल्यांनी उपलब्ध होते तेवढ्यात संसार केला. कुत्र्याच्या डोक्यात मराठी घालायची तर डोके उघडता आले पाहिजे. ते कारखान्याने कुलूपबंद ठेवलेले. म्हणून वाट पाहायची. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण विंडोजच्या घराण्यात ती धडपणे शिरली ती विंडोज २००० पासून. पुढच्या एक्सपीतसुद्धा मराठी आपण होऊन येत नसे. मूळ चकती घालून एका चौकटीत खूण करावी लागे, आणि त्या चौकटीवर लिहिलेले असे की ही सोय गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे. मराठी माणूस उजवीकडून डावीकडे लिहीत नाही म्हणून ती खूण करीत नसे, आणि त्याच्या पडद्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची रांगोळी उमटे. ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांतला तो आडवा रफार नीट उमटावा म्हणून मराठी माणसांनी जो जीव टाकला, तेवढ्या श्रमात एखादा शब्दकोश झाला असता. कारखान्याच्या लेखी ती बाब किरकोळ होती. कारखान्याला वऱ्हाडात जायचे नव्हते.

याच्या उलट काय घडले तेही पुण्यातलेच सांगतो. रेड हॅट ही लिनक्सच्या धंद्यातली मोठी कंपनी. तिची कचेरी मगरपट्ट्यात होती, आणि भारतीय भाषांचे बरेच काम तिथे चाले. ‘लोहित’ नावाचे जे मुक्त फॉन्ट आज लिनक्सबरोबर सहज मिळतात, ते घडवले पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने, होय, श्री-लिपीवाल्यांनीच. डोके उघडे मिळाले तेव्हा त्याच हातांनी सरळ काम केले. लोहित म्हणजे तांबडा, आणि रेड हॅट म्हणजे तांबडी टोपी. नाव ठेवणाराला संस्कृत येत होते हे उघड आहे. पडद्यावरच्या यादीतले ‘फाईल’, ‘संपादन’, ‘जतन’ हे मराठी शब्द कोणी पगार घेऊन घातले, कोणी रात्री जागून फुकट घातले. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, हा मुद्दा. (या मंडळींच्या यंत्रात नवे प्रोग्रॅम आणून देणाऱ्या एका हरकाम्याचे नाव ‘यम’ होते. त्याचा पूर्ण विस्तार ‘यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड’ असा; म्हणजे पुन्हा तोच पिवळा कुत्रा. वेदांतल्या यमाच्या दाराशी चार डोळ्यांचे दोन कुत्रे असतात, हे नाव ठेवणाऱ्या अमेरिकन पोरांना माहीत असण्याची शक्यता कमी.)

सरकारनेही एक कुत्रा पाळून पाहिला. सी-डॅकने डेबियनच्या वंशातून २००७ साली एक प्रणाली काढली, तिचे नाव ‘बॉस’. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात असले तरी हे पिल्लू वाढले चेन्नईच्या घरी. आता कुत्र्याचे नाव बॉस ठेवल्यावर त्याच्याकडून काम कोण करून घेणार? हेतू उत्तम, रक्त उत्तम. पण सरकारी वाड्यावर बांधला आणि जेवायला घालायचे कोणी हे फायलीत राहिले. आपल्या राज्यात तर लाखो लोकांनी संगणकाचे पहिले धडे गिरवले ते एमएस-सीआयटीत. पुण्याच्याच महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम. त्यातल्या ‘एमएस’चा अर्थ ‘महाराष्ट्र स्टेट’ असा आहे. अभ्यासक्रमात विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस यांना जो मानाचा पाट मिळाला, तो पाहून पुष्कळांना त्या दोन अक्षरांचा अर्थ निराळा वाटला असेल तर त्यांचा दोष नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतून वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवले आणि तिथल्या पोरांचे त्यावाचून काही अडलेले दिसत नाही. आपली पोरे केरळातल्या पोरांहून मंद आहेत असे आपल्या शिक्षणखात्याचे मत असल्यास त्याने ते जाहीर करावे.

आता आक्षेप. ‘हिशेबाचा आमचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो.’ चालू द्या. दुकानातला कुत्रा दुकानात राहू द्या. तो घरातही हवा असा नियम नाही. ‘आजारी पडला तर बघणार कोण?’ आज तरी कोण बघते? शेजारच्या बिऱ्हाडातला इंजिनियरिंगचा मुलगाच बघतो, आणि त्याला लिनक्स चांगले येते. ‘अमेरिकेतले आमचे जावई म्हणतात, त्यात काही अर्थ नाही.’ जावयांचा मान राखूनच सांगतो, त्यांच्या कंपनीची मोठी यंत्रे बहुधा याच गावठ्याच्या राखणीत असतील. त्यांनी एकदा चौकशी करावी.

आणि शेवटचा, न बोललेला आक्षेप: फुकट मिळतो, तेव्हा हलकाच असणार. पुण्यात फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी हा संशय यावा याचे मला आश्चर्य वाटते. जगातल्या सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत पाचशेच्या पाचशे यंत्रांवर लिनक्स होते. सी-डॅकची ‘परम सिद्धी’ २०२० साली त्या यादीत त्रेसष्टावी आली, तीही लिनक्सवरच. आणि ज्या फोनवरून तुम्ही मला ‘लिनक्स आम्हाला जमणार नाही’ असे कळवाल, तो अँड्रॉइडचा असेल तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. गूगलने त्याच्या गळ्यात आपला पट्टा घातला आहे आणि साखळी आपल्या हातात ठेवली आहे, एवढाच फरक. म्हणून तुम्ही कुठे गेलात, काय खाल्लेत, हे तो घरी जाऊन सांगतो. गावठ्याला वाईट संगत लागली तर तोही बिघडतो, हे मला कबूल आहे.

माझी मागणी लहान आहे. दहाव्या विंडोजचे सुतक आले म्हणून माळ्यावर टाकलेले, किंवा भंगारवाल्याला द्यायला काढलेले जे यंत्र घरात असेल, ते देऊ नका. या सुटीत खाली काढा. फार जुने आणि अशक्त असेल तर पपी. मराठी लिहायचे असेल तर मिंट किंवा डेबियन. यूएसबीची एक काडी लागते, एक दुपार लागते, आणि आठवी-नववीतले एक पोर लागते. काडीवरूनच चालवून आधी ओळख करून घेता येते. पटले नाही तर काडी काढून घ्यावी, जुना कुत्रा होता तिथेच असतो. पटले आणि कायमचे बसवायचे ठरले, तर आधी जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि त्यांतले जुन्या फॉन्टातले लिखाण युनिकोडमध्ये आणायचे काम त्याच पोराला सांगावे. त्याला शाळेतल्या गृहपाठापेक्षा ते नक्की आवडेल. काम चालू असताना आजोबांनी मागे उभे राहून सूचना करू नयेत. फराळाचे ताट कळफलकापासून दूर ठेवावे. चकलीचे तुकडे कळांच्या फटीत गेले, तर त्यावर कोणत्याही जातीच्या कुत्र्याचा इलाज चालत नाही.